अण्णांच्या वाळवंटात

मराठीचा प्राध्यापक या नात्याने 'वाळवंट' हा शब्द मी गेली बावीस वर्षे शिकवीत आलो आहे. आपल्या भाषेत हा फार प्रेमळ शब्द आहे. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी पसरते ते वाळवंट. तिथे दिंड्या येतात, कीर्तने रंगतात, आणि पाणी हाकेच्या अंतरावर असते. ज्याच्या नुसत्या दर्शनाने घसा कोरडा पडावा, असले वाळवंट मराठी माणसाने आपल्या मुलखात कधी पाहिलेच नाही. म्हणून त्याने दोहोंना एकच शब्द वापरला आणि तो मोकळा झाला.

माझे सासरे मात्र ते दुसरे वाळवंट पाहून आले होते. अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातून फौजेत गेले, तिथे ट्रक चालवायला शिकले, आणि १९७१ च्या लढाईत जैसलमेरच्या बाजूला त्यांची नेमणूक झाली. पराक्रमाची गोष्ट ऐकायला आपण सरसावून बसावे, तर अण्णा सांगत, "आपल्याकडं पाण्याची गाडी होती. बंदुकीपेक्षा तोटीच जास्त धरली." लढाईची म्हणून त्यांनी आम्हांला एकच आठवण सांगितली. त्यांच्या टाकीची तोटी थोडी गळत असे. रात्री ते तोटीखाली मग ठेवून गाडीशेजारीच झोपत, आणि पहाटे तो मग जपून परत टाकीत रिकामा करीत. एवढीच गोष्ट. तिच्यात ना शत्रू, ना रणगाडा. ऐकणारा हिरमुसला होई.

अण्णा गेले त्या वर्षीच्या सप्टेंबरातली गोष्ट. एका रविवारी सकाळी हिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "नाताळच्या सुटीत जैसलमेरला जाऊ या. आपल्या गाडीनं."

"अगं, आगगाडी आहे, विमान आहे—"

"अण्णा विमानानं गेले नव्हते," ही म्हणाली, आणि विषय संपला.

इथे वाचकांना एक खुलासा करणे आवश्यक आहे. आमच्या घरात गाडी ही चालवते. परवाना माझ्याजवळही आहे, परंतु त्याचा उपयोग ओळख पटवण्यापलीकडे मी कधी केलेला नाही. हिला मात्र अण्णांनी गावाकडच्या माळावर एका जुनाट जीपवर शिकवले होते, आणि शिकवताना पुण्याच्या रस्त्यावर कधीही कामी येऊ नयेत अशा असंख्य गोष्टी सांगितल्या होत्या. तेव्हा कामाची वाटणी ठरली ती अशी: चालवायचे तिने, आणि नकाशा पाहून सूचना करायच्या मी. पुढे मोबाइलमधल्या बाईने माझे तेही काम काढून घेतले.

मुलीला तिच्या आजीच्या स्वाधीन करून आम्ही निघालो. पहिला मुक्काम अहमदाबादला केला. दुसऱ्या दिवशी पालनपूर मागे पडले आणि उजव्या हाताला अरवलीचे डोंगर दिसू लागले. आपला सह्याद्री पावसाळी ढगांना आडवा पडतो. म्हणून महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. अरवली पडला सज्जन. तो अरबी समुद्राकडून येणाऱ्या ढगांच्या वाटेला समांतर उभा राहतो आणि त्यांना जाऊ देतो. परिणाम हा, की जैसलमेरच्या वाट्याला सालभरात दोनशे मिलिमीटरही धड येत नाही. सज्जनपणाचे तोटे भूगोलातही आहेत!

पाली सोडून जोधपूरच्या रस्त्याला लागल्यावर चोटिला गावाजवळ वाहनांची गर्दी दिसली. उतरून पाहतो तो काय, एक देवस्थान. आणि काचेच्या आत देवाच्या जागी चक्क एक बुलेट मोटारसायकल! तिच्यावर आर.एन.जे. ७७७३ ही पाटी, हँडलला हार, पुढे उदबत्त्यांचा धूर. ओमसिंह राठोड नावाचा तरुण या ठिकाणी अपघातात गेला. पोलिसांनी त्याची मोटारसायकल ठाण्यात नेली, तर ती म्हणे सकाळी पुन्हा अपघाताच्या जागी हजर. पेट्रोल काढून ठेवले, साखळी घातली, तरी तेच. तेव्हापासून तो 'ओम बन्ना' झाला आणि या रस्त्यावरच्या वाहनांची राखण करू लागला. येणारेजाणारे ड्रायव्हर थांबतात, हात जोडतात. कोणी नारळ वाहतो, तर कोणी दारूची बाटली. हिने हात जोडले.

"तू? आणि मोटारसायकलीला नमस्कार?" मी विचारले.

"तुम्हांला काय, तुम्ही शेजारी बसणार. गाडी मला चालवायचीय."

जोधपूरहून नागौरमार्गे आम्ही बिकानेरकडे वळलो. बिकानेरच्या अलीकडे तीसेक किलोमीटरांवर देशनोक लागते. तिथले करणीमातेचे मंदिर उंदरांचे म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. संगमरवरी महिरपीतून आत गेलो, आणि पायांखाली पाहावे तिकडे उंदीर! दुधाच्या परातीच्या काठावर ते गोल बसलेले, जाळीच्या आडून डोकावणारे, भाविकांच्या पायांवरून खुशाल पळणारे. घारीगिधाडांनी त्यांना उचलू नये म्हणून वर चौकभर जाळी लावलेली. पुण्याच्या घरात एक उंदीर दिसला तर खुर्चीवर चढणारा मी, इथे अनवाणी उभा होतो. माझ्या पायावरून दोन गेले. हे भाग्याचे लक्षण असते, असे शेजारच्या गृहस्थांनी सांगितल्यामुळे मी किंचाळलो नाही, इतकेच.

या उंदरांना तिथे उंदीर म्हणत नाहीत, 'काबा' म्हणतात. कथा अशी सांगतात की करणीमातेच्या घरातला एक मुलगा तळ्यात बुडाला. तिने यमाकडे त्याला परत मागितले. यमाने नकार दिला. तेव्हा ती म्हणाली, माझ्या कुळातले कोणी यापुढे तुझ्याकडे येणारच नाही. माणूस मेला की काबा होईल आणि काबा मेला की पुन्हा माणूस.

ही बराच वेळ त्या दुधाच्या परातीकडे पाहत उभी राहिली. बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणाली, "म्हणजे इथं गेलेलं माणूस घरातच राहतं." मी काही बोललो नाही. देवळात चढताना अंगावर आलेला काटा आता वेगळ्या कारणाने आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे फलोदीजवळच्या खिचनला पोचलो. थंडी अशी की बोटे वळत नव्हती. सूर्य वर येऊ लागला आणि आकाशातून हजारो कंठांचा कलकलाट ऐकू आला. रांगाच्या रांगा करून करकोचे उतरत होते. करड्या अंगाचे, काळ्या गळ्याचे, डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचे तुरे. तिकडे त्यांना 'कुरजां' म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून हे पक्षी येतात, आणि थंडीभर इथे राहतात. गावातल्या जैन मंडळींनी काही दशकांपूर्वी त्यांना दाणे टाकायला सुरुवात केली. आता त्यांच्यासाठी कुंपण घातलेले 'चुग्गाघर' आहे आणि दाण्याची पोती येऊन पडतात. जून २०२५ मध्ये खिचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. वाळवंटातली पाणथळ जागा! राजस्थानी लोकगीतांत परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पाठवायचा तो या कुरजांबरोबरच. मला एकदम आपल्याकडचा, माहेरचा निरोप आणणारा कावळा आठवला. गरज तीच, पक्षी तेवढा मुलखाप्रमाणे बदलतो.

तिथून जैसलमेरचा रस्ता धरला. रामदेवऱ्याला बाबा रामदेवांची समाधी आहे. हिंदूंचे ते रामदेव आणि मुसलमानांचे रामसा पीर. त्यांना घोडा प्रिय, पण गरीब भक्ताने घोडा कुठून आणावा? म्हणून कापडाचे घोडे वाहतात. चिंध्यांपासून शिवलेले, मूठभर लांबीपासून पोरगे वर बसेल एवढ्या उंचीपर्यंतचे. पुढे पोखरण. १९७४ आणि १९९८ साली जिथे भूमी हादरली, त्या गावाच्या नाक्यावर आम्ही निवांतपणे मिरचीवडे खाल्ले.

मला स्वतःला सर्वांत नवल वाटले ते भादरियाचे. रस्ता सोडून आत गेले की देवीचे देऊळ लागते, आणि देवळाच्या आवारात, जमिनीच्या पोटात, एक ग्रंथालय! भादरिया महाराज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधूने ते उभे केले. पायऱ्या उतरून जावे तो काचेच्या कपाटांच्या ओळी लांबवर गेलेल्या, आणि त्यांत लाखो पुस्तके. बाहेर वारा वाळू उडवीत होता आणि खाली मात्र पानही हलत नव्हते. माणूस पाणी साठवतो तशी या साधूने पुस्तके साठवली होती. मी दोन तास हललो नाही. अखेर हिने वर बोलावले, तेव्हा पायऱ्या चढता चढता मी म्हणालो, "या मुलखातले लोक काहीच टाकून देत नाहीत, नाही का? अपघातातली मोटारसायकल नाही, उंदीर नाही, वाटेवरचे पक्षी नाहीत, चिंध्या नाहीत."

"ज्यांच्याकडं थोडं असतं ते टाकत नाहीत," ही म्हणाली. ही अर्थशास्त्र शिकलेली आहे.

जैसलमेरविषयी मी नवे काय सांगणार? ११५६ साली रावळ जैसल याने वसवलेले, पिवळ्या दगडाचे ते गाव उन्हात सोन्यासारखे दिसते, हे खरे. किल्ल्यात अजून माणसे नांदतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात. सत्यजित राय यांनी १९७४ साली या किल्ल्यावर 'सोनार केल्ला' हा चित्रपट काढला, तेव्हापासून बंगाली प्रवाशांचा इथे ओघ आहे. आमच्या शेजारच्या खोलीत कोलकात्याचेच कुटुंब होते. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी कुलधऱ्याला गेलो. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेले हे गाव. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठून गेली, जाताना शाप देऊन गेली, असे वाटाडे सांगतात, आणि भुतांच्या गोष्टी वर पुरवतात. मला भुतांपेक्षा पालीवालांच्या 'खडीन'चे आश्चर्य वाटले. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल जागी मातीचा बांध घालून अडवायचे. ते जमिनीत मुरले की त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. आपल्याकडच्या पावसाच्या मानाने नखभर पाऊस, आणि त्यावर गहू!

अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात तिथल्या पाण्याची तीन नावे सांगितली आहेत. पावसाचे, उघड्यावर साठणारे ते पालर पाणी. खोल विहिरीतले ते पाताळ पाणी. आणि पावसाचे वाळूत मुरलेले, पण खालच्या खडिया दगडाच्या थरामुळे खोल न जाता ओल होऊन राहिलेले, ते रेजाणी पाणी. आमच्याकडे पाण्याला संस्कृतातून उसने घेतलेले शब्द डझनभर: जल, नीर, उदक, तोय, सलिल. ते सगळे कवितेचे. यांची तीन नावे तहानेची आहेत.

आणि मग तनोटचा दिवस आला. जैसलमेरपासून तनोट सुमारे एकशेवीस किलोमीटर. पवनचक्क्या मागे पडल्या, रामगढ गेले. या भागात आता कालव्याचे पाणी आले आहे. पंजाबातल्या हरिकेपासून निघालेला इंदिरा गांधी कालवा साडेसहाशे किलोमीटर चालत जैसलमेर जिल्ह्यात येतो. १९८७ साली तो मोहनगढपर्यंत पोचला. त्याच्या शाखेवरच्या पुलावर हिने गाडी थांबवली. हिरवट पाणी संथ वाहत होते.

"अण्णांच्या वेळी हा नव्हता," ही म्हणाली.

रामगढनंतर वाळूच्या टेकड्या रस्त्याला भिडल्या. समोरून फौजी ट्रकांचा तांडा येताना दिसला. हिने आदराने गाडी पार कडेला घेतली. ट्रक गेले, आणि आमची डावी चाके वाळूत रुतली. मी उतरून ढकलू लागलो. चाके फिरत, आणि गाडी आणखी खाली जाई. ही शांतपणे उतरली, वाकून चारी चाकांतली हवा थोडी थोडी सोडू लागली. मी घाबरून ओरडलो, "अगं, काय करतेस?"

"अण्णांनी सांगितलंय. वाळूत रुतलं की चाकातली हवा कमी करायची. चाक पसरतं."

साताऱ्याच्या माळावर, जिथे औषधाला वाळू नाही, तिथे शिकवलेला तो धडा! पण वाळू उपसणे भाग होते. इतक्यात शेळ्यांमागून एक मुलगा आला, त्याने जवळच्या ढाणीतून फावडे आणले. ढाणी म्हणजे दोन-चार झोपड्यांची वस्ती. अर्ध्या तासात गाडी बाहेर आली. त्याच्या आजीने आम्हांला बोलावले. अंगणात गोल, वर घुमटी असलेला टांका होता; म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती करून झाडून ठेवलेली. टांक्याच्या झाकणाला कुलूप. म्हातारीने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडले आणि तांब्याभर पाणी वर काढून माझ्या हाती दिले.

ते पाणी फार गोड होते. मी अर्धा तांब्या प्यालो, आणि उरलेल्या पाण्याने खळखळून चूळ भरली, हातावरची वाळू धुतली आणि राहिलेले फेकून दिले. पुण्याची सवय.

म्हातारी रागावली नाही. वाळूत मुरत जाणाऱ्या ओल्या डागाकडे पाहून ती आपल्या बोलीत काही पुटपुटली. नातवाने हिंदीत अर्थ सांगितला. आमच्याकडची म्हण आहे, म्हणाला. तूप सांडले तर माझे काही जात नाही. पाणी सांडले तर जीव जळतो.

मी हिच्याकडे पाहिले. ही माझ्याकडेच पाहत होती.

आता सांगायलाच हवे. अण्णा जाण्यापूर्वी दोन वर्षे आमच्याकडे राहायला आले होते. मुलीने शाळेच्या बाटलीतले उरलेले पाणी मोरीत ओतले, आणि अण्णा तिला जोरात रागावले. पोर रडू लागली. तेव्हा ही अण्णांना म्हणाली, "अण्णा, हे तुमचं वाळवंट नाही! इथं नळाला पाणी येतं!" आणि मी वर्तमानपत्रामागून भर घातली, "अण्णा, तुम्ही आता पाण्याचं रेशनकार्डच काढा." सगळे हसले. अण्णाही हसले. त्यानंतर ते पाण्याविषयी आमच्या घरात एक अक्षर बोलले नाहीत. आणि आम्हांला वाटले, म्हातारा सुधारला!

हिने तांब्या मागून घेतला. म्हातारीने पुन्हा कुलूप उघडले. ही घोट घोट करून सगळे पाणी प्याली, तळाचा थेंबही ठेवला नाही, आणि तांब्या परत देताना म्हातारीच्या पायांना हात लावला. म्हातारी संकोचून हसली. तिला काय कळणार, की त्या नमस्कारातला अर्धा दुसऱ्या कोणासाठी होता!

तनोटला पोचायला दुपार टळली. १९६५ च्या लढाईत या देवळाच्या परिसरात तोफांचे तीन हजार गोळे पडले, त्यांतले साडेचारशे तर देवळाच्या आवारातच, आणि एकही फुटला नाही, असे सांगतात. न फुटलेले काही गोळे काचेच्या कपाटात मांडून ठेवले आहेत. पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. भाविक नवस बोलून तिथे रुमाल बांधतात. रंगीबेरंगी रुमालांच्या झालरीच लागल्या आहेत. हिने गाडीच्या कप्प्यातून अण्णांचे पिवळे फडके काढून आणले. आमच्याकडे आले की अण्णा रोज सकाळी त्याने गाडीची काच पुसत. ही ते हातात धरून रुमालांपुढे थोडा वेळ उभी राहिली. मग नीट घडी घालून तिने ते पर्समध्ये ठेवले.

"बांधत नाहीस?"

"चांगलं फडकं आहे. वाया घालवलं म्हणून रागावतील."

तिथून चाळीस किलोमीटरांवर लोंगेवाला. १९७१ च्या डिसेंबरात, ४ तारखेच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटचे सुमारे एकशेवीस जवान रणगाड्यांपुढे इथे ठाण मांडून राहिले, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून विमाने मदतीला आली. त्यांचे स्मारक आहे, पकडलेला रणगाडा आहे. लोक रणगाड्यापाशी छायाचित्रे काढत होते. आम्ही पलीकडे जाऊन उभे राहिलो. सूर्य मावळत होता आणि जिथपर्यंत नजर जाई तिथपर्यंत वाळू होती. या वाळूत माणसे लढली, हे इतिहासाने लिहून ठेवले. त्या माणसांना पाणी कोणीतरी आणून देत असणार, हे मला तोवर सुचलेच नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला कल्पनाशक्ती असते, असा एक गैरसमज आहे.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. पण ते न बोलणे अवघड नव्हते. अकराव्या दिवशी, तीन हजारांहून अधिक किलोमीटर मागे टाकून, घरी पोचलो. गाडीच्या फटींतून अजून बारीक पिवळी वाळू निघते.

आठवडाभराने मी सकाळी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मुलगी महाविद्यालयात निघाली होती. तिने पेल्यातले अर्धे पाणी प्यायले आणि उरलेले मोरीत ओतायला हात पुढे केला. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"अगं, पाणी सांडू नकोस. तुळशीला घाल."

ती हसली. "बाबा, तुम्ही अगदी अण्णाआजोबांसारखं बोलायला लागलात!"

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"बोलू देत."